पडकंच आहे, काय बघता!

माझ्या बायकोचे थोरले बंधू फ्रान्सला जाऊन आले. गेले याबद्दल माझी तक्रार नाही. माणसाने जावं. पण परदेशी गेलेला माणूस नुसता परत येत नाही, तो सांगायला परत येतो. आमच्या तरुणपणी असे लोक भिंतीवर चादर लावून स्लाइड्स दाखवीत, आणि मध्येच वीज गेली की प्रेक्षकांची सुटका होई. आता फोटो फोनमध्ये असतात. आणि फोन दादांच्या हातात असतो. दादा पुण्याचे. रिटायर्ड इंजिनिअर. त्यामुळे सुटका कुठूनच नाही.

आम्ही दिवाळीनंतर पुण्याला गेलो तेव्हा दादांच्या दिवाणखान्यात हा कार्यक्रम झाला. दिवाणखान्याच्या मधोमध एक टीपॉय आहे. कुठल्याशा जुन्या वाड्याच्या कोरीव दाराची फळी, तिला चार पाय आणि वर काच. दादांनी तो एका दुकानातून बऱ्याच पैशाला आणला. त्यावर कप थेट ठेवायचा नसतो. कपाखाली एक गोल चकती ठेवायची, आणि ती विसरलं की वहिनी उठून येतात. मी तिथे चहा नेहमी हातात धरूनच पितो. त्याला वहिनींखेरीज दुसरंही एक कारण आहे, ते पुढे येईल.

दादांनी तेराशे फोटो काढले होते. पॅरिसचा तो प्रसिद्ध मनोरा त्यात एकदाच होता, आणि तोही अर्धा, कारण पुढे वहिनी उभ्या होत्या. बाकी सगळी खेडी. भाड्याची मोटार घेऊन दोघं आठ दिवस नुसती खेड्याखेड्यांतून हिंडली होती. दगडी घरं, खिडक्यांत फुलं, दारात मांजर. पुढचा फोटो: दगडी घर, खिडकीत फुलं, दारात दुसरं मांजर.

"हे लाल दगडाचं गाव. कोलाँज-ला-रूज," दादा म्हणाले. "इथूनच सगळं सुरू झालं."

झालं होतं ते असं. या गावचे मेयर शार्ल सेराक नावाचे गृहस्थ होते. रीडर्स डायजेस्टने फ्रान्समधल्या सुंदर खेड्यांवर एक पुस्तक काढलं होतं, ते त्यांच्या पाहण्यात आलं. त्यांच्या डोक्यात आलं की ही गावं नुसती पुस्तकात कशाला राहायची? १९८२ साली त्यांनी ६६ गावं जमवली आणि 'फ्रान्समधील सर्वांत सुंदर खेडी' अशी संस्थाच काढली. आज तिच्यात पावणेदोनशेच्या वर गावं आहेत. अटी कडक. लोकवस्ती दोन हजारांच्या आत पाहिजे, निदान दोन संरक्षित वास्तू पाहिजेत, आणि गावच्या पंचायतीचा तसा ठराव पाहिजे.

१९८२ साली मी नांदेडला एका शाळेत मास्तर होतो. रीडर्स डायजेस्ट आमच्याही शाळेत येई. मी त्यातले विनोद वाचून, शब्दसंपत्तीच्या पानात वीसपैकी नऊ मार्क मिळवून, अंक हेडमास्तरांना परत करीत असे. तो एखाद्या सरपंचाला नेऊन द्यावा हे काही मला सुचलं नाही.

इथपर्यंत सगळं सुखाचं होतं. पण नवशेव्या फोटोला दादा म्हणाले, "तुमच्या मराठवाड्यात मात्र असं काही नाही हं, जावईबापू. अजिंठा-वेरूळ झालं की संपलं."

यापेक्षा वाईट गोष्ट अशी की हिने मान डोलावली. चाळीस वर्षं नांदेडचं पाणी प्यायलेली बाई!

"गुरुद्वारा आहे की," मी म्हणालो.

"हो, ते आहेच," दादा म्हणाले. कुणी आजारी नातेवाइकाबद्दल 'बरा आहे ना?' विचारतं, त्या आवाजात.

आता मी शांत स्वभावाचा माणूस आहे. पण गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली नांदेडला गोदाकाठी देह ठेवला आणि तिथे १८३२ ते १८३७ या काळात महाराजा रणजितसिंगांनी गुरुद्वारा बांधवून घेतला. लाहोरला बसलेल्या माणसाला नांदेड दिसलं, आणि पुण्याला बसलेल्याला दिसत नाही, याला काय म्हणायचं? मी तिथल्या तिथे दादांना आमंत्रण दिलं. म्हटलं, जानेवारीत या. मोटारीने दोन दिवस नांदेड ते लातूर हिंडवतो. मांजरांची खात्री देत नाही, बाकी सगळं दाखवतो.

दादा आले. त्यांची अट एकच होती: दर तीन तासांनी नीट चहा. गाडी भाड्याची, आणि चालवायला गल्लीतलाच एक पोरगा. दादा पुढे, आम्ही मागे, आणि हिच्या मांडीवर दशम्यांचा डबा.

जानेवारीतला मराठवाडा ज्याने पाहिलेला नाही त्याने दुष्काळाच्या बातम्यांवरून मत बनवू नये. सकाळची वेळ, काळीभोर रानं, त्यांत डोक्याइतकी ज्वारी, कडेने करडई, हरभऱ्याला घाटे आलेले. लोह्याच्या अलीकडे एका शेतकऱ्याने हात करून गाडी थांबवली आणि ओळखदेख नसताना हुरडा खायला बसवलं. दादांनी पैसे काढले तर तो म्हणाला, "पैशे ठिवा खिशात. पाव्हण्यायचे पैशे घेतेत का?" फ्रान्समध्ये असं झालं होतं का, हे मी दादांना विचारलं नाही. मी नुसता त्यांच्याकडे बघितला.

पण माझा हा विजय कंधारपर्यंतच टिकला. गावात शिरल्यावर आम्ही पानटपरीवाल्याला विचारलं, किल्ला कुणीकडे?

तो म्हणाला, "किल्ला? तिथं काय हाय? पडकंच हाय, काय बघताव!"

वाचकहो, हे वाक्य नीट लक्षात ठेवा. पुढच्या दोन दिवसांत ते आम्ही सात गावांत ऐकलं. शब्द तेच, चाल तीच. मराठवाड्याला जर स्वतंत्र बोधवाक्य द्यायचं ठरलं तर दुसरं शोधायची गरज नाही. माझं भांडण पुण्याच्या दादांशी आहे असं मी घरून निघताना समजत होतो. कंधारला कळलं की ते या वाक्याशी आहे.

आता कंधार म्हणजे काय? राष्ट्रकूटांचं नगर. तिसऱ्या कृष्णाच्या काळात, म्हणजे दहाव्या शतकात, ते इतकं मोठं होतं की 'कंधारपुराचा अधीश्वर' हे राजे लोकांचं भूषण होतं. गावाशेजारचा प्रचंड तलाव, जगत्तुंगसमुद्र, हा त्याच काळचा. तळ्याला समुद्र म्हणणं ही अतिशयोक्ती आहे खरी, पण उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या मुलखात पाण्याबद्दल कुणी अतिशयोक्ती केली तर ती सोडून द्यावी. इथे क्षेत्रपालाची एक अवाढव्य मूर्ती होती. आज तिचे तुकडे उरले आहेत, पण त्या तुकड्यांवरून अभ्यासकांनी हिशेब केला तर मूर्तीची उंची पन्नास फुटांच्या पुढे जाते! दादा त्या दगडी पावलाजवळ उभे राहिले आणि पहिल्यांदाच फोन न काढता नुसते बघत राहिले. भुईकोट किल्ला, भोवती पाण्याचा खंदक, पुढे बहामनी, निजामशाही, मोगल असे सगळे इथे येऊन गेले. एवढं सगळं असून टपरीवाला म्हणतो, काय बघताव.

बरं, त्याला तरी कुणी सांगितलंय? किल्ल्यावर, देवळावर एक निळा बोर्ड असतो. तो तुम्ही पाहिला असेल. स्मारकाची नासधूस करणाऱ्याला कायद्याने काय शिक्षा आहे ते त्यावर सविस्तर लिहिलेलं असतं. म्हणजे देऊळ फोडलं तर दंड किती होईल ते कळतं. देऊळ कुणी बांधलं, कधी बांधलं, त्यात बघायचं काय, हे कळत नाही. पाहुण्याचं स्वागत 'चोरी केल्यास पोलिसात देऊ' या वाक्याने करणारा यजमान माझ्या तरी पाहण्यात नाही. खात्याने आपलं मन मोठं करून त्याच बोर्डावर शिक्षेच्या खाली चार ओळी इतिहासाच्या घातल्या तर रंगाचा खर्च कितीसा वाढेल? आणि खात्याकडे रंग नसेल तर गावाकडे भरपूर आहे.

गावाकडचा रंग हा वेगळाच विषय आहे. मुखेडला दशरथेश्वराचं देऊळ बघितलं. चालुक्यकाळातलं काळ्या दगडाचं सुंदर काम, गाव त्याच्या अंगाला अंग लावून वाढलेलं. तिथून पुढे रस्त्यावरच्या एका खेड्यात (नाव सांगत नाही, तिथे आमच्या चुलतबहिणीचं सासर आहे) आम्ही आणखी एक देऊळ पाहिलं. तेही आठ-नऊशे वर्षांचं असावं. असावं असं म्हणतो, कारण दिसत नव्हतं. द्वारपाल गुलाबी होते, त्यांचे मुकुट पिवळे, आणि गंडस्थळावर फुली मारलेला हत्ती आकाशी. गाभाऱ्याला खालपासून वरपर्यंत टाइल्स. बाथरूमला लावतात त्या. एकेका टाइलवर देणगीदाराचं नाव. पुजारी अभिमानाने म्हणाले, "गावकऱ्यायनं वर्गणी करून जीर्णोद्धार केलाय." म्हणजे जीर्ण होतं त्याचा त्यांनी उद्धार केला!

मी खवळलो. पण दादा, आश्चर्य म्हणजे, गप्प होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "जावईबापू, या लोकांनी पोटाला चिमटा घेऊन वर्गणी काढली. आमच्या सोसायटीत लिफ्टसाठी वर्गणी निघत नाही."

हे खरं होतं, आणि खरी गोष्ट दुसऱ्याने सांगितली की जास्त झोंबते. देवळावरचं प्रेम कमी आहे असं नव्हेच. प्रेम उतू जातंय. फक्त दगडाला दगडासारखं राहू दिलं तर ते प्रेम कमी दिसेल, असं कुणी तरी मनात भरवून दिलं आहे. आई म्हातारी झाली म्हणून तिच्यावर माया आहे हे दाखवायला तिला कुणी ऑइलपेंट लावत नाही.

होट्टलने मात्र माझी अब्रू राखली. देगलूरजवळचं हे लहानसं गाव. तेलंगण आणि कर्नाटक इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पारावर बसलेली माणसं मराठीत सुरू करून तेलुगूत शिवी देतात आणि दखनीत समजूत घालतात. आणि गावात कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली देवळं, एक नव्हे, अनेक. त्यांतलं सिद्धेश्वराचं देऊळ असं कोरलंय की दादा चष्मा पुसायला लागले. अलीकडे इथल्या पडझड झालेल्या देवळांच्या जतनाचं मनापासून काम झालं आहे, आणि जिल्ह्याने होट्टल महोत्सवही सुरू केला. टाइल्स नाहीत, आकाशी हत्ती नाही. मी दादांना त्या फ्रेंच संस्थेच्या अटींची आठवण करून दिली. दोन वास्तू? मोजा म्हटलं! राहता राहिला ठराव. तो आपल्याकडे करणं सोपं असतं.

रात्री उदगीरला मुक्काम केला. लॉजच्या उशीवरून मला वाटत होतं की दादा आता फ्रान्सची उशी काढतील. पण ते झोपले होते.

सकाळी किल्ला. उदगीरचं मी दादांना एका वाक्यात सांगितलं. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी इथे निजामाला असं हरवलं की त्याला प्रचंड मुलूख तोडून द्यावा लागला. त्याच यशावर भाऊंना त्याच वर्षी उत्तरेला पाठवलं, आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. आता बघा. पानिपत आपल्या बोलण्यात आहे, संक्रांत कोसळली हा वाक्प्रचार आहे, त्यावर कादंबऱ्या, नाटकं, सिनेमे आहेत. उदगीरवर काय आहे? मराठी माणसाला हरलेली लढाई तोंडपाठ आणि जिंकलेली कुठे झाली ते नकाशात सापडत नाही. २०२२ च्या एप्रिलात इथे पंचाण्णवावं साहित्य संमेलन झालं. महाराष्ट्रभरचे सारस्वत आले. त्यांतले किती जण संमेलनाच्या मांडवातून किल्ल्यापर्यंत गेले हे मी विचारणार नाही. मीही संमेलनाला होतो, आणि मी गेलो नव्हतो. पुस्तकांच्या स्टॉलवर सूट होती.

किल्ल्यात उदयगिरीबाबांची समाधी आहे. तिथे दर्शनाला आलेल्या एका आजीबाईंनी हिला विचारलं, "कुण्या गावच्या?" आणि पाच मिनिटांत दोघींचं नातं निघालं. मराठवाड्यात नातं निघत नाही अशी बाई अजून जन्मायची आहे.

उदगीर सोडलं आणि माझं बोलणं कमी झालं. पुढे निलंग्याच्या वाटेवर माझं आजोळ लागतं. मी गाडी तशीच पुढे काढायला सांगणार होतो, पण ही म्हणाली, मामांच्या घरी न थांबता गेलात तर बरं दिसेल का?

मराठवाड्यातल्या गावाला एक गढी असते. पांढऱ्या मातीचा बुरूज-बुरूज रचलेला ढिगारा, वर कधी काळचा देशमुखाचा नाही तर पाटलाचा वाडा. लांबून गाव ओळखायचं ते गढीवरून. आमच्या आजोळच्या गढीवरून मी लहानपणी पतंग उडवले, एकदा पडून हात मोडला. आम्ही पोचलो तेव्हा त्या गढीला एका बाजूने जेसीबी लागला होता आणि खाली दोन ट्रॅक्टर उभे होते. गढीची माती विटांना चांगली. घर बांधायला, भर टाकायला चांगली. गढी एखाद्या खरवसाच्या वडीसारखी कापत आणली होती.

मामा आता नाहीत. मामेभाऊ आहे. मी त्याच्या ओसरीवर बसून पाणी प्यायच्या आधीच भाषणाला सुरुवात केली. मास्तरकी केलेल्या माणसाला प्रस्तावना लागत नाही. इतिहास, वारसा, फ्रान्स, शार्ल सेराक, सगळं सांगितलं. चिरेबंदी भिंती, माळवदाचं घर, उन्हाळ्यात किती गार, हे सगळं पाडून तुम्ही स्लॅब टाकलेत, आणि आता गढीही विकताय!

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "झालं का दादा? तुमी नांदेडला स्लॅबात झोपताव, आन् आमाला माळवदात झोपा म्हणताव."

आणि मग चहा आणायला आत गेला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून, दमून लोक झोपलेले. ज्या घरांच्या गारव्याची मी तारीफ करतो, ती जाड दगडमातीची भिंत आणि वर दोन-दोन फूट मातीचं माळवद, ती झोपलेल्या माणसांवर आली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. मामांचं घर पडलं नाही, पण भिंत फुटली, आणि मामा त्यानंतर जिवंत असेपर्यंत त्या घरात एक रात्र झोपले नाहीत. पावसाळ्यातसुद्धा बाहेर पत्र्याखाली. शेवटी पाडून स्लॅब टाकला. हे सगळं मला माहीत होतं. मी त्या वेळी येऊन गेलो होतो. पण भाषण देताना माणसाला आपल्याला काय काय माहीत आहे ते आठवत नाही.

आणि दुसरंही एक होतं. मामांच्या वाड्याला एक दार होतं. सागवानी, जाड, चौकटीवर नक्षी आणि मधोमध मोर. त्या मोराची चोच मी विटी मारून तोडली होती आणि त्यासाठी मार खाल्ला होता. भूकंपाच्या दोन वर्षं आधी गावात जुनं लाकूड घेणारा एक व्यापारी फिरत आला. मामांचा जीव होत नव्हता. त्यांनी मला कार्ड टाकून विचारलं: तू शिकलेला, तू सांग. मी त्या वेळी स्कूटरच्या हप्त्यात होतो. मी उलट टपाली कळवलं की जुनी लाकडं ठेवून काय करायचं, वाळवी लागते. दार आठशे रुपयांना गेलं. त्यातले तीनशे मामांनी मला पाठवले.

म्हणजे 'पडकंच आहे, काय बघता' हे मी पोस्टकार्डावर लिहून दिलेलं आहे. टपरीवाला तोंडीच म्हणतो.

तर दादांच्या टीपॉयवर मी कप का ठेवत नाही, ते कारण हे. काचेखाली कधी नीट वाकून बघितलेलं नाही. चोच मोडलेला मोर निघाला तर काय करायचं?

गाडीत बसल्यावर हे सगळं मी दादांना सांगून टाकलं. ते काही बोलले नाहीत. निलंग्याला नीळकंठेश्वराचं देऊळ आलं तेव्हा ते उतरले आणि बराच वेळ देवळाच्या चांदणीसारख्या कोनाकोनांच्या भिंतीवरून बोटं फिरवत राहिले. तीन गाभाऱ्यांचं हे देऊळ, आत हरगौरीची मूर्ती, बाहेर सुरसुंदरी. गर्दीच्या गावात, पण आत गेलं की गावाचा आवाज बंद होतो.

जेवायला निलंगा राइस खाल्ला. हा एक मसालेभात नव्हे, पुलाव नव्हे, वेगळाच झणझणीत पदार्थ आहे आणि निलंग्याचं नाव सांगत तो आता लातूर-पुण्यापर्यंत विकला जातो. तिखटाने दादांना कंठ फुटला आणि त्यांनी पुन्हा फ्रान्स काढला. तिथे म्हणे रोकफोर नावाच्या खेड्याचं चीज आहे. ते नाव दुसऱ्या कुणी लावायचं नाही असा कायदाच १९२५ साली झाला. मी म्हटलं, दादा, याच निलंगा तालुक्यात बोरसुरी नावाचं गाव आहे. तिथल्या तूरडाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्ती कोथिंबिरीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आता तेही नाव दुसऱ्या कुणाला लावता येत नाही. फ्रान्सपेक्षा नव्व्याण्णव वर्षं उशीर झाला. मराठवाड्याच्या मानाने हे वेळेवरच म्हणायचं. हिने तिथल्या तिथे दोन किलो डाळ घेतली, आणि दादांनी भाव करू दिला नाही.

खरोशाच्या लेण्यांना पायऱ्या आहेत आणि दादांना गुडघे आहेत, त्यामुळे तिथे थोडक्यात आटपलं. टेकडी जांभ्या दगडाची. साधारण सहाव्या शतकातली लेणी त्यात खोदलेली, आणि जांभा ठिसूळ असल्याने मूर्तींची नाकंडोळी वारा-पावसाने खाल्लेली. दादा खालूनच म्हणाले, "तुम्ही बघून या आणि मला सांगा." तेराशे फोटो दाखवणाऱ्या माणसाने ऐकायची तयारी दाखवली, हा त्या सहलीतला चमत्कार होता.

तिथून किल्लारी. माझ्या यादीत किल्लारी नव्हती. सहलीच्या यादीत ती कोण घालेल? पण मामेभावाचं ते वाक्य झाल्यावर दादाच म्हणाले, जाऊ या.

जुन्या गावाच्या जागी आता दगड, झाडोरा आणि स्मारक. नवं गाव वेगळ्या जागी, आखीव रस्ते, सिमेंटची घरं. नव्या गावात एका ओट्यावर एक आजी लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांना ही बोलली. जुन्या घराची आठवण येते का, असं काही तरी तिने विचारलं असावं. त्या म्हणाल्या, "येती की. घर लई चांगलं हुतं माय. आंगणात लिंब हुता." मग लसणाची पाकळी सुपात टाकून म्हणाल्या, "पर दगडाचं नगं आता."

परतताना दादा म्हणाले, "फ्रान्समध्ये असं एक गाव आहे. ओरादूर. तेवढे फोटो तुम्हाला दाखवले नाहीत." १० जून १९४४ ला जर्मन सैन्याने ते गाव जाळलं, सहाशेहून अधिक माणसं मारली. पुढे दगॉल म्हणाले, हे पडकं गाव असंच ठेवा, एक वीट हलवू नका, आणि नवं गाव शेजारी बांधा. ते आजही तसंच आहे. जळलेल्या मोटारी, शिवणयंत्रं, सगळं जागच्या जागी. "तिथे फुलं नाहीत, मांजरंही नाहीत," दादा म्हणाले. "लोक रांगेने येतात आणि न बोलता जातात. ते गाव लोकांनी मारलं, हे जमिनीने. पण बघायला येणाऱ्याला चहावाला सांगत नाही, की पडकंच आहे."

मी जन्मात पहिल्यांदा त्यांच्या एका फोटोची वाट बघितली. पण त्यांनी फोन काढला नाही.

औशाचा किल्ला संध्याकाळी गाठला. हा किल्ला मोठा मजेशीर आहे. भोवतालच्या जमिनीपेक्षा खोलगट जागी बांधलेला, म्हणजे शत्रूला लांबून दिसू नये आणि आतल्या बुरुजावरून मात्र शत्रू येताना दिसावा. भोवती शंभर फुटांच्या वर रुंदीचा खंदक. बहामनी काळातला, महमूद गावानचं नाव त्याच्याशी जोडतात. शत्रूपासून लपावा म्हणून बांधला आणि पर्यटकांपासूनही लपला. आम्ही अर्ध्या फर्लांगावर असताना एका मोटारसायकलवाल्याला विचारलं, किल्ला कुठं? तो म्हणाला, "हे काय, म्होरंच. पर काय बघताव, पडकंच..."

"माहिताय," दादा म्हणाले. "आम्हाला पडकंच बघायचंय."

रात्री लातूरला गंजगोलाईत हिंडलो. १९१७ साली वसवलेली गोल बाजारपेठ, मधोमध देवी, आणि सोळा रस्ते चहूबाजूंनी येऊन मिळतात. सराफ, कापडवाले, गूळवाले, मिरचीवाले, एकेका व्यापाराची एकेक वाट. दादा तीनदा फिरून त्याच जागी आले आणि प्रत्येक वेळी म्हणाले, हा चौक मघाचाच का? पुण्याच्या माणसाला रस्ता विचारताना बघून माझं जेवण चांगलं गेलं.

दादा परत गेले. आठ दिवसांनी माझ्या फोनवर त्यांचा एक फोटो आला. टीपॉयची काच काढून बाजूला ठेवलेली, आणि फळीवर लोखंडी टेप पसरलेली. खाली मजकूर: 'मामांच्या दाराची रुंदी किती होती? नक्षीत नक्की काय होतं? चांगलं आठवून सांगा. तुमचं असेल तर गाडीत घालून पाठवतो.'

मी चष्मा पुसून तो फोटो मोठा करून बघितला. हिलाही दाखवला. मोर नव्हता. मधोमध कमळ होतं, आठ पाकळ्यांचं, आणि एका पाकळीवर कुणी तरी खिळा मारलेला. म्हणजे ते आमचं नव्हतं. दुसऱ्या कुठल्या तरी गावातल्या, दुसऱ्या कुणाच्या तरी मामांचं होतं. मी दादांना तसं कळवून टाकलं.

त्यांचं उत्तर लगेच आलं: 'मग आता यावर चहा ठेवू का नको?'